ब्रेकला लावलेलं एरंडेल

माझ्या हातून एक चूक झाली आणि ती झाकायला मी खोटं बोलले. चूक न समजून झाली होती. खोटं मात्र मी समजून उमजून बोलले, आणि त्याच्यापुढे जाऊन आणखी एक वाक्य बोलले. ते वाक्य लिहायलाच बसले आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय ते कळणार नाही.

मंठा रस्त्यावरच्या एका गावात आमचं घर आहे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. नात मात्र जालन्याजवळच्या कॉलेजात इंजिनियरिंग शिकते. दोन वर्षांमागे ती एका रविवारी आली आणि तिनं विचारलं, “आजी, गोठा रिकामाच हाय ना?”

गोठा रिकामाच होता. आदल्या वर्षी बैल विकले होते. त्याचं मला दुःख नव्हतं. सगळी कामं ट्रॅक्टर करत होता आणि बैल नुसते खात होते.

“कशाला पायजे?”

“गाडी बनवायचीय. शर्यतीची. कॉलेजच्या वर्कशॉपला पाच वाजता कुलूप लागतं, काम होऊन नाही राह्यलं.”

आठवडाभरात मोटारसायकलींवरून नऊ जण आले, त्यांत नातीसकट तीन पोरी. जालन्याहून लोखंडी नळ्या आणल्या, गव्हाणीजवळ वेल्डिंगचं मशीन ठेवलं. नात सगळ्यांची पुढारी होती आणि गाडी चालवणारही तीच होती. कॉलेजचे एक सर अधूनमधून यायचे, चहा प्यायचे, मान हलवायचे आणि जायचे.

“आजी, ही हायब्रीड हाय बरं का,” नात म्हणाली.

“मंग फवारणी लई लागंल,” मी म्हणाले. सगळे हसले. मला हायब्रीड म्हटलं की ज्वारी आणि सरकीच ठाऊक. बियाण्याच्या प्लॉटवर मी कितीतरी वर्षं कपाशीची फुलं हातानं लावली आहेत. नराचं फूल मादीच्या फुलावर घासायचं आणि दोरा बांधायचा. गाडीत नर कोण आणि मादी कोण, असं मी विचारलं तर एक पोरगा लाजून बाहेरच गेला.

मला ते नीट समजावून सांगितलं ते ब्रेकचं काम बघणाऱ्या पोरीनं. ती भोकरदनकडची, पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. आजा मेंढरं घेऊन फिरायचा. बापाकडे आता दहा-पंधरा मेंढरं उरली होती आणि बाकी दुसऱ्यांच्या रानात मजुरी. ती होस्टेलला राहायची. ती हातातला पाना खाली न ठेवताच म्हणाली, “आजी, उतारावर भरलेली बैलगाडी कशी रोखता?”

“बैल मागं रेटून धरतात.”

“त्यात त्यांचा जोर वाया जातो ना? तो जोर डब्यात भरून ठेवता आला असता तर?”

“तर चढाला कामी आला असता.”

“बास. ही बॅटरी म्हणजे तो डबा. गाडी थांबवताना मोटार उलटं काम करती अन् डबा भरती. चढाला इंजिन अन् मोटार दोघं मिळून ओढतात. म्हणून कमी पेट्रोलमध्ये जास्ती दम.”

पहिल्या फटक्यात कळलं. माझ्या नातीनं तेच तीनदा सांगितलं होतं आणि दरवेळी मी नुसतं हो हो केलं होतं. तरी पाठीमागे मी त्या पोरीला ‘मेंढक्याची पोर’च म्हणायची. बाकीच्यांना मी आडनावानं ओळखायची. तेव्हा त्यात मला काही गैर वाटलं नव्हतं.

शर्यत दमाची होती. आमच्याकडे शंकरपट व्हायचा, तो बघायला मी लहानपणी गेले आहे. डोळा मिटून उघडेपर्यंत बैलजोडी पलीकडे. ही शर्यत तशी नव्हती. इथे दिवसभर गोल गोल पळायचं, पेट्रोल पुरवायचं, गाडी मोडू द्यायची नाही. आधी तपासणी. तपासणीत पास झाली तरच गाडीला पळू देणार. त्यातली मोठी परीक्षा ब्रेकची. जोरात पळवायची आणि एकदम दाबायचा, चारही चाकं जागच्या जागी थिजली पाहिजेत.

गाडी सरळ काही झाली नाही. पहिला सांगाडा बनवला त्यात नातीचे गुडघेच मावेनात. तो कापून परत जोडला. इंजिन एका आपटलेल्या मोटारसायकलचं आणलं. जवळच्या जिनिंगच्या पटांगणात पहिल्यांदा पळवायला नेली तर पन्नास पावलांवर साखळी पडली. दुसऱ्यांदा बॅटरीच्या वायरीतून धूर निघाला. प्रत्येक वेळी ढकलत आणायचे आणि मी चुलीवर मोठं पातेलं ठेवायची. ब्रेकवाली पोर पटांगणात खडूनं रेघ मारायची आणि नातीला म्हणायची, “रेघेवर थांब. रेघेच्या पुढं न्हाई, मागं न्हाई.” नात वैतागायची. ती पोर म्हणायची, “अजून एकदा.” आषाढ संपेपर्यंत गाडी त्या रेघेवर थांबायला लागली.

पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत गाडी तयार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकमध्ये घालून न्यायची होती. दुपारी त्यांनी शेवटची पळवून पाहिली. ब्रेकवाल्या पोरीनं ब्रेकचं तेल बदललं, सगळे नट परत आवळले. मग सगळ्यांनी मिळून गाडी पाण्यानं धुतली आणि पाचच्या आत निघाले, कारण पुढं चार-पाच दिवस घर दिसणार नव्हतं. गोठ्याला कुलूप लावून नातीनं किल्ली माझ्याकडे दिली आणि तीही सामान भरायला जालन्याला गेली.

त्या दिवशी खांदेमळणी असते. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, वर्षभर जू वाहिलेलं असतं म्हणून. तेव्हाच घरातलं लोखंडही पुसून तेल लावून ठेवायची आमच्याकडे रीत होती. नांगराचा फाळ, कोळप्याची पास, विळे. सासूबाईंचा दंडक होता, उद्या कामाला जायचं लोखंड आज कोरडं ठेवायचं नाही. बैलगाडीच्या आखाला तर एरंडेलच. सासूबाई गेल्यालाही आता कितीतरी वर्षं झाली, पण हात थांबत नाही. मी विळे काढले, पुसले. फाळ विकले होते. मग किल्ली घेऊन गोठा उघडला.

गाडीच्या चारही चाकांच्या आतल्या बाजूला भाकरीएवढी लोखंडी चकती असते. धुऊन तीन-चार तास झाले असतील, त्या चकत्यांवर तांबूस गंज चढला होता. मला राग आला. म्हटलं, इतकी शिकलेली लेकरं आणि लोखंड धुवून ओलं ठेवून गेली. माझ्या घरातून परगावी जाणारी वस्तू गंजकी दिसली तर लोक मला हसतील. मी एरंडेलाची वाटी आणली आणि फडक्यानं चारही चकत्या दोन्ही बाजूंनी चोळल्या. गंज निघाला. चकत्या आरशासारख्या झाल्या. जास्तीचं तेल पुसून घेतलं, कुलूप लावलं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही वाटलंच नाही.

पोळ्याच्या दिवशी सकाळी ट्रक आला. गाडी ढकलत फळीवरून वर चढवली आणि गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी नातीचा फोन. रडत होती. गाडी ब्रेकच्या परीक्षेत नापास झाली. तीनदा पळवली, तीनदा दाबला, चाकं थिजायचं नाव नाही, गाडी सरकतच गेली. चकत्या पुसल्या, पण त्यांना धरणाऱ्या पट्ट्या तेल प्यायल्या होत्या आणि दुसऱ्या पट्ट्या नव्हत्या. वेळ संपली. वर्षभराची मेहनत, आणि गाडी मैदानात उतरलीच नाही.

“तेल?” मी विचारलं.

“तेल लागलं आजी पट्ट्यांना. पुरी वाट लागली.”

मला तेव्हाच कळलं. फोन कानाला होता आणि डोळ्यांसमोर एरंडेलाची वाटी होती. मी म्हणाले, “बरं, जेवून घे,” आणि फोन ठेवला.

ते परत आले त्या संध्याकाळी गाडी गोठ्यात उतरवली आणि तिथंच भांडण पेटलं. सरही होते. मी दारात उभी होते.

सर म्हणाले, “शेवटी ब्रेकच्या तेलाला हात कुणी लावला होता?”

“मी,” ती पोर म्हणाली. “पण सर, सांडलं न्हाई. अन् हे ब्रेकचं तेल न्हाईच. वास घेऊन पाहा, वास वेगळा हाय.”

“वास कसला घ्यायचा आता?” एक जण म्हणाला. “तूच बदललं, तुझ्याच हातून सांडलं. मान्य कर ना सरळ.”

“चारही चाकांवर सारखं सांडंल का? डोकं लाव जरा.”

“म्हंजे आम्ही बिनडोक?”

ती माझ्याकडे वळली. बाकीच्यांकडे तिनं पाहिलंच नाही. “आजी, आम्ही गेल्यावर गोठ्यात कुणी आल्तं का?”

सरळ प्रश्न होता. उत्तरही सरळ होतं. नात माझ्याकडे बघत होती, सर बघत होते, आणि मला एवढंच दिसलं की म्हातारीनं गाडी बुडवली असं आता गावभर होईल.

“कोण येतंय?” मी म्हणाले. “कुलूप होतं. किल्ली माझ्या कमरेला.”

इथे तरी थांबायला हवं होतं. पण खोटं बोललं की ते पक्कं करायची घाई होते. मी म्हणाले, “मेंढरं वळणाऱ्याच्या हाताला यंत्राचं वळण एका पिढीत थोडंच येतं? तुम्हीच सांभाळून काम द्यायला पायजे होतं.”

तेच ते वाक्य. एक जण फिसकन हसला. सरांनी मान खाली घातली, पण मला गप्प बसवलं नाही. त्या पोरीनं हातातलं फडकं गव्हाणीवर टाकलं, पिशवी घेतली आणि रस्त्यापर्यंत चालत गेली. एसटी मिळेपर्यंत ती फाट्यावर उभी होती. मला ओट्यावरून दिसत होती.

पुढची शर्यत होळीनंतर होती. गाडी तीच, पण नावांची नवी यादी महाशिवरात्रीच्या आत पाठवायची होती. यादीत ज्याचं नाव नाही त्याला गाडीला हात लावता येत नाही. सरांनी त्या पोरीचं नाव काढलं. ब्रेक दुसऱ्या एकाकडे दिले.

दिवाळी गेली. मी रोज ठरवायची आणि रोज गप्प बसायची. संक्रांतीला नात आली तेव्हा तिळाचं ताट बाजूला सारून तिला सांगून टाकलं. तिनं दार लोटून घेतलं.

मग म्हणाली, “आता कुणाला सांगू नको.”

“का?”

“गाडी आपल्या गोठ्यात ठेवायची परवानगी मी काढली होती. सर मलाच धरतील. पुढारीपण जाईल. अन् ती पोरगी आता शांत झालीय, कशाला उकरून काढायचं?”

मला ते सोयीचं होतं. नातीनं सांगितलं म्हणून गप्प बसले, असं स्वतःला सांगता येत होतं. आणखी पंधरा-वीस दिवस असेच गेले.

मग एकदा ते गाडी पळवून आले. गाडी ब्रेक दाबला की डावीकडे ओढत होती. नात चिडलेली होती. नव्या ब्रेकवाल्याला म्हणाली, “तुझ्यापेक्षा ती बरी होती.” तर तो तोंड वेंगाडून “बें, बें” करून ओरडला. सगळे हसले.

“हे काय?” मी नातीला नंतर विचारलं.

“काही न्हाई गं. कॉलेजात तिला पाहून पोरं असंच करून राह्यली. वर्कशॉपसमोरून गेली की बें बें. ती आता मागल्या दारानं जाती.”

“कवापासून?”

नातीनं माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, “तुझ्या त्या बोलण्यापासून.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी कुणाला न सांगता निघाले. जालन्याला उतरले, भोकरदनची गाडी धरली, तिथून पिंपळगावच्या रस्त्यानं. विचारत विचारत वस्तीवर पोचले. पत्र्याचं घर, पुढं मेंढरांचा वाडा. मायलेकी अंगणात हरभरा बडवत होत्या. मला पाहून पोर उभी राहिली, पण ‘या’ म्हणाली नाही. आईनं पोतं अंथरलं, पाणी दिलं.

मी बसले नाही. उभ्यानंच म्हणाले, “ब्रेकला तेल मी लावलं होतं. खांदेमळणीच्या दिवशी. गंज दिसला म्हणून.”

“कोणतं तेल?”

“एरंडेल.”

तिनं आईकडे पाहिलं. “मी म्हणलं होतं ना, वास वेगळा हाय?” मग पोरीनं मला विचारलं, “मी विचारलं तवा तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“अन् मेंढराचं ते?”

“ते मी खोटं पक्कं करायला बोलले. तसं मनात होतं म्हणूनच तोंडात आलं.” हे बोलायला मला फार जड गेलं, पण दुसरं काही बोलले असते तर तेही खोटंच झालं असतं.

आई म्हणाली, “जाऊ द्या मावशी, म्हातारं माणूस इतक्या लांबून आलं, बसा. च्या टाकते.”

“म्हातारं हाय म्हणून काय झालं?” पोर म्हणाली. आवाज चढला नव्हता. “बाई, मला हितं सांगून काय फायदा? हितं मला सगळे वळखतात. जिथं बोलल्या तिथं बोला. यादी जायला चार दिवस ऱ्हायलेत.”

आधी मला ती आजी म्हणायची. आता बाई म्हणाली. मी चहा न घेता परत फिरले. आई फाट्यापर्यंत सोबत आली. वाटेत एवढंच म्हणाली, “दिवाळीला आली तवा दोन दिवस जेवली न्हाई ती.”

सोमवारी मी कॉलेजात गेले. वर्कशॉप सापडायला वेळ लागला. आत सर होते, बाकीचे सात जण होते, नात होती. मला पाहून ती आधी हसली आणि मग तिचं तोंड उतरलं, कारण मी कशाला आले ते तिला कळलं होतं. मी दारातूनच बोलले. तेल मी लावलं. पोरीनं विचारलं तेव्हा मला ठाऊक होतं. तरी मी खोटं बोलले.

सर हसले. म्हणाले, “अहो आजी, एवढंच ना? तुम्हाला काय माहीत ब्रेकचं? चांगल्या मनानं केलं तुम्ही.”

सर मला मोकळं करत होते. मी मोकळी झाले असते तर तिथंच संपलं असतं.

“तेलाचं सोडा,” मी म्हणाले. “मेंढरं वळणाऱ्याच्या हाताचं मी जे बोलले, ते बोलताना मला पक्कं ठाऊक होतं की तिचा हात साफ हाय. अन् तुम्हीबी ऐकून घेतलं. आता बें बें करता. ते माझ्या तोंडचं हाय. करायचं तर माझ्या तोंडावर करा.”

कुणी केलं नाही. नवा ब्रेकवाला पान्याशी खेळत बसला. सर टेबलावरची यादी जवळ ओढून नातीला म्हणाले, “तिला बोलावून आण.” नात उठली आणि माझ्याकडे न पाहता माझ्या अंगावरून बाहेर गेली. बाहेर पोर आधीच उभी होती. मला कॉलेजात शिरताना पाहून मागोमाग आली असावी, सगळं ऐकलं असावं. आत आली, सरांना म्हणाली, “सर, नाव घालायचं तर घाला. पण गाडी आता त्या गोठ्यात जाणार न्हाई. कॉलेजात ऱ्हाईल, कुलपाची एक किल्ली माझ्याकडं.”

“पाचला बंद होतं वर्कशॉप,” सर म्हणाले.

“मंग तुम्ही थांबा.”

सर थांबायला लागले. गाडी गोठ्यातून गेली ती परत आली नाही.

शर्यत मी पाहिली नाही. मला कुणी बोलावलं नाही आणि मी विचारलंही नाही. नंतर मुलानं, नातीच्या बापानं, फोनवर दाखवली. ब्रेकच्या परीक्षेत पहिल्याच खेपेला चारही चाकं थिजली, रस्त्यावर काळ्या रेघा उमटल्या. दमाच्या शर्यतीत दुपारनंतर इंजिन तापून बंद पडलं. बाकीच्या गाड्या अशा वेळी बाजूला घेतात. आमची शेवटचे काही फेरे नुसत्या मोटारीवर चालली, मुंगीसारखी, पण थांबली नाही. उतारावर ब्रेक दाबून दाबून नात बॅटरी भरत होती आणि कडेला ती पोर हातानं खुणा करत होती, आता दाब, आता सोड. गाडी शेवटून तिसरी आली. शर्यत पुरी करणाऱ्यांत नाव लागलं.

नात माझ्याशी बोलते, पण तोलून बोलते. तिचं पुढारीपण गेलं नाही. गेलं असतं तर तिच्या गप्प बसण्याचंही फिटलं असतं, आणि कदाचित आमच्यात बरं झालं असतं.

गावात ही गोष्ट आता हसायची झाली आहे. लग्नाच्या मांडवात, दळणाच्या गिरणीवर कुणीही म्हणतं, “ह्या बाईनं रेसच्या गाडीची खांदेमळणी केली!” आणि बाया पोट धरून हसतात. मुलगाही पाहुण्यांना हौसेनं सांगतो. तेल, वाटी, चकती सगळं सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. मुलाला मी एकदा म्हणाले, सांगायचं तर सगळं सांग. तो म्हणाला, “आई, त्यात हसण्यासारखं काय हाय?”

उन्हाळ्यात ती पोर एकदा दुपारी आली. वेल्डिंगचा काळा चष्मा आणि दोन पाने गोठ्यात राहिले होते. मी काढूनच ठेवले होते. ऊन फार होतं, ती पाणी प्याली. मी जेवून जा म्हणाले.

“न्हाई,” ती म्हणाली. “मला तुमच्याकडं जेवावंसं वाटत न्हाई.”

मी बरं म्हणाले. तिनं पाने पिशवीत टाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि गेली.